खाटेवरचा कांदा

विंचूर, १० एप्रिल १९८६

गोरख,
मला निजायला तू आणलेली खाट मी विटांवर चढवून घेतलीय आन् तिच्यावर कांदा पसरलाय, तो हलवू नको. खुब्याचा सांधा बदलून वरीस झालं तरी ठणका जात नाय, आन् नाशकाच्या डाक्टरनं उकिडवं बसायला बंदी केलीय, म्हणून उभ्यानं निवडला. सकाळपासून बारा पाट्या! एक सडका सापडला तर दाखव. लय दुखलं की अंगणात फेरी मारते आन् पुन्हा उभी राहते. जेवून गोळी घेतलीय, ते विचारू नको.

आता लंकाबाईकडं चाललेय. गुडघ्यापायी तिनं निवडायचं सोडलंय, तिचीबी खाट चढवून देते. भाकरी टोपल्यात हाय. जेवला की गाडीत विटा टाकून तिकडंच ये. आणखी तिघींनी खाटा बाहेर काढून ठेवल्यात.

आई