बकरीनं खाल्लेलं झाड

नाना,

यंदा माझ्या गच्चीवर जांभळा फ्लॉवर आलाय. पिंप्राळ्यात घर झालं तेव्हापासून मी कुंड्यांत काहीबाही लावत असते. मेथी, वांगी, मिरच्या. फ्लॉवर मात्र कधी लावला नाही, आणि त्याचं कारण तुम्ही. यंदा बियांच्या दुकानात पाकीट समोर दिसलं आणि का कोण जाणे, हात गेला. आता गड्डे चांगले भरलेत, आणि त्यांना पाणी घालताना रोज तुमची आठवण येते. लगेच खूश होऊ नका. तुमच्या फोटोला मी हार घालते, सणाला नैवेद्य दाखवते, लोकांत तुमच्याविषयी वाकडा शब्द काढत नाही. पण आदर म्हणाल तर तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणातच संपला. का संपला, हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. आज सांगते, कारण आज तुम्ही मधेच "पुरे" म्हणू शकत नाही.

त्या अंगणाला तुम्ही ‘माझी बाग’ म्हणायचात. न्हाणीच्या पाण्यावर जगणारा, कपडे वाळत घालायच्या तारेखालचा एवढासा तुकडा तो. तिथली माती आई खणायची, पाणी मी घालायची, इंजिनांची काजळी पानांवर बसायची ती ओल्या फडक्यानं मी पुसायची. तुम्ही ऑफिसातून आलात की डोक्यावरची हॅटही न काढता दारात उभे राहायचात आणि छडीनं दाखवायचात, हे इकडे सरकव, ते तिकडे लाव. तुमच्या नखात माती गेलेली मी जन्मात पाहिली नाही. पण कोणी पाहुणा आला की "माझ्या हाताला यश आहे हो," असं म्हणून तेच स्वच्छ हात पुढे करायचात. आई तेव्हा आत चहा टाकत असायची.

दसऱ्याला तुम्ही साहेबांच्या बंगल्यावर सोनं द्यायला गेलात आणि मेमसाहेबांनी तुमच्या हातावर बियांची पुडी ठेवली. त्यांच्या भावानं विलायतेहून आणलेलं बी, जांभळ्या फ्लॉवरचं. तुम्ही ती पुडी देव्हाऱ्यात ठेवलीत, नाना. खंडोबाच्या टाकाशेजारी. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि मला धुळ्याला शेतकी शिकायला जायचं होतं. राहायला मावशीचं घर होतं, गणित आणि शास्त्र चांगलं होतं, आणि दुसरं काही मला मनापासून करावंसं वाटत नव्हतं. तुम्ही मावशीसमोर हसून म्हणालात, "आधी मेमसाहेबांना जांभळा गड्डा दाखव, मग धुळ्याचं बघू." तुमच्या दृष्टीनं ती थट्टा असेल. मी मात्र ते धरून बसले.

फुटक्या टोपलीत मी बी टाकलं. रोपं वर आली तेव्हा त्यांच्या देठांवर जांभळट झाक होती, ती बघून मी नाचले होते. दिवाळीनंतर रोपं वाफ्यात गेली, मावा पडला तेव्हा चुलीतली राख भुरभुरली, आणि संक्रांतीच्या सुमारास पानांच्या पोटात गड्डे धरायला लागले. तेव्हा तुमचा हुकूम आला, "पानं वर घेऊन बांधून टाक." का, तर साहेबांच्या बंगल्यावरचा माळी बांधतो. तो बांधायचा ते पांढरे गड्डे, ऊन लागून पिवळे पडू नयेत म्हणून. हा फ्लॉवर जांभळा होता, पण बंगल्यावर होतं ते ब्रह्मवाक्य. मी केळीच्या सोपटाच्या वाद्या काढल्या आणि एकेका झाडाची पानं आवळून बांधली. फक्त कुंपणालगतचं एक झाड राहिलं. शेजारची बकरी तारेतून तोंड घालून त्याची बाहेरची पानं खाऊन गेली होती. बांधायला काही उरलंच नव्हतं. "उपटून टाक, शोभा जाते," असं तुम्ही म्हणालात. आईनं "राहू द्या, भाजीला होईल," म्हणून ते वाचवलं.

आणि तेच झाड जांभळं झालं. आधी कडेकडेनं, मग सगळा गड्डा, पिकल्या जांभळासारखा. दुसऱ्या एका झाडाची पानं मी हळूच बाजूला करून पाहिली, तर आत फिक्कट पिठूळ रंग. मला कळलं ते मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं, "नाना, याला ऊन लागतं. बाकीच्यांची पानं सोडते." तुम्ही वर्तमानपत्र खाली घेतलंत, चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "अजून मॅट्रिक नाही झाली आणि बापाला अक्कल शिकवते? एकाही वादीला हात लावलास तर याद राख." उठून कुंपणापर्यंत यायचेही कष्ट घेतले नाहीत तुम्ही. हेडक्लार्क माणूस, समोर आलेला कागद तपासल्याशिवाय सही करत नव्हतात म्हणे.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हळदीकुंकू. बोलावणी तुम्ही ठरवलीत, वाणसुद्धा तुम्हीच ठरवलंत, प्लॅस्टिकच्या साबणदाण्या, कारण मेमसाहेबांना सुगडी गावंढळ वाटली असती. आईला बजावलंत की त्यांच्यासमोर अहिराणीत तोंड उघडायचं नाही. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष उभा, तो तुम्ही. मेमसाहेब येतात, कुंकू लावून घेतात, आणि तुम्ही त्यांना मागच्या अंगणात नेता. सगळ्या बायका मागोमाग. तुम्ही स्वतः खाली वाकता, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, वादी सोडता, पानं फाकवता. आत पांढरट, जरासा मळका गड्डा. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मेमसाहेब हसून म्हणतात, "अरे, ये तो सफेद निकला!" आणि तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट करता. "पोरीवर सोपवलं होतं. पोरींच्या हातात काही दिलं की असंच व्हायचं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी सरळ कुंपणाशी गेले, तो बकरीनं खाल्लेल्या झाडाचा गड्डा विळ्यानं कापला आणि मेमसाहेबांसमोर धरला. त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. बायका पुढे सरकल्या. मला वाटलं, झालं, आता धुळं. तेवढ्यात तुम्ही तो माझ्या हातून काढून घेतलात, अगदी सहज, ऑफिसात फाइल घ्यावी तसा. "हा मी मुद्दाम उघडा ठेवला होता. प्रयोग म्हणून. उन्हाचा काय परिणाम होतो ते बघायचं होतं." घसा साफ करायलाही थांबला नाहीत. मेमसाहेब म्हणाल्या, "वा, आप तो साइंटिस्ट हैं!" त्यांनी एक तुरा मोडून नेला, आणि तुम्ही त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलात.

उरलेल्या गड्ड्याची आईनं भाजी टाकली. कढईत त्याचा रंग उडून तो करडा पडला. आईनं लिंबू पिळलं तशी लाली परत आली, आणि त्याही परिस्थितीत मला त्याचं नवल वाटलं. तुम्ही पाटावर बसलात. मी वाढता वाढता विचारलं, "नाना, धुळ्याचं?" तुम्ही घास गिळलात. "प्रयोग माझा. तू पाणी घातलंस. पाणी घालायला कॉलेज कशाला लागतं?" आणि ताट पुढे करून आणखी भाजी मागितलीत. तुम्ही हात धुवायला गेल्यावर आई हळूच म्हणाली, "बठ्ठं त्यास्नंच शे व माय. पाणी बी त्यास्नं, ऊन बी त्यास्नं." मग तिनं माझ्यासाठी झाकून ठेवलेली वाटी पुढे सरकवली. मी ती खाल्ली नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही मला शिंदखेड्याला देऊन टाकलंत. माणूस बरा मिळाला, त्यात तुमची करामत काही नाही. पण माहेरी यायचं तर धुळ्याला एसटी बदलावी लागायची. स्टँडवर वह्या छातीशी धरलेल्या मुली दिसायच्या, आणि मी तुमच्यासाठी शेतातल्या तुरीच्या डाळीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. घरी पोचावं तर तुम्ही कुठल्या तरी पाहुण्याला प्रयोगाची गोष्ट सांगत असायचात. दर वर्षी ती वाढत गेली. रिटायर होईपर्यंत बकरी गोष्टीतून पार नाहीशी झाली होती, आणि मी तर कधीच नव्हते. तुमच्याइतका हलका माणूस मी पुढे पाहिला नाही, नाना, आणि हे मी रागानं म्हणत नाही. राग माणसाला बरोबरीच्या माणसाचा येतो.

एवढं लिहून थांबणार होते. पण काल शेजारची सून गच्चीवर पापड घालायला आली, गड्डे बघून हरखली, आणि म्हणाली, "काकू, आमच्या गावी फ्लॉवरची पानं बांधतात. याची बांधायची नसतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांनी. त्यांनी एक झाड मुद्दाम उघडं ठेवलं होतं, प्रयोग म्हणून. मला बोलावून दाखवलं होतं." शेवटचं वाक्य तर तुम्हीही कधी म्हटलं नव्हतं. ते मी जोडलं. ती म्हणाली, "किती हौशी होते हो तुमचे वडील." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या कुंडीकडे वळले.

हे कागद मी आज संध्याकाळी कुंडीतल्या खतात फाडून टाकणार आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. तिला ते सांगताना, तेवढ्यापुरता, तसा बाप मला होता. मला तो फार आवडला.