'लिओनिल्डा'वरचं जेवणाचं टेबल

विआरेज्जो, मंगळवार

तीर्थरूप ऑर्फेओ भाऊजींना,

नेदोचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता वळतो ना? ताईचा खोकला गेला असेल (आवाज गेला नसेलच).

आमच्या गोदीतली 'लिओनिल्डा' एकदाची पाण्यात उतरली! चाळीस मीटरची शिडाची नौका. डोलकाठी आपल्या चर्चच्या घंटाघरापेक्षा उंच (पाद्रीबुवांनी स्वतः कबूल केलं, पण तोंड वाकडं करून). डेकवर एक दोर दिसेल तर शपथ, सगळे खालून फिरवलेत. आतल्या फळ्या एकाच अक्रोडाच्या झाडाच्या, रेषेला रेष जुळवलेली. पण खरी शान म्हणजे मी केलेलं जेवणाचं टेबल. त्याच्या पोटाखाली शिशाचं वजन झुलतं, त्यामुळे नौका कितीही कलली तरी ते आपलं सपाट.

रविवारी मालकांनी, म्हणजे ब्रेशाच्या कुलूप-कारखानदार रावित्सासाहेबांनी, पहिल्या सफरीला मलाही नेलं. शिडं भरली, नौका कलली, ताटल्यांत काठोकाठ माशांचं लालभडक सार. एक थेंब सांडला नाही, भाऊजी! मी दारात छाती फुगवून उभा. मग नजर माणसांकडे गेली. खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या, त्या नौकेबरोबर कलल्या. वर उचललेल्या बाजूच्या चौघांच्या गुडघ्यांशी टेबल, खाली गेलेल्या बाजूच्यांच्या हनुवटीशी. मालकांच्या शहाऐंशी वर्षांच्या आई, पाल्मिराबाई, खालच्या बाजूला. त्यांचे नुसते डोळे आणि अंबाडा दिसत होता.

मालक कडाडले, "उद्याच्या उद्या उखडा हे!" अकरा महिने घासलंय मी ते.

तेवढ्यात टेबलाच्या कडेमागून पाल्मिराबाईंचा आवाज आला, "गप रे! मला वाकावं लागत नाही, चमचा सरळ तोंडात जातो. आणि जन्मात पहिल्यांदा तुझा शर्ट स्वच्छ राहिलाय. टेबलाला हात लावून तर बघ! खुर्च्या बदला." वर सार पुन्हा वाढून घेतलं.

मग त्यांनी मला टेबलाखाली माझं नाव कोरायला लावलं. मी आपल्या बाबांचंही कोरलं. रंधा धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

तुमचा,
नेदो

ता. क. वर-खाली होणाऱ्या खुर्च्यांचा आराखडा तयार आहे, असं मी मालकांना छातीठोकपणे सांगून बसलोय. तो आराखडा म्हणजे तुमच्या सलूनमधली पायाने दाबायची खुर्ची. खोलून बघतो आणि परत करतो.

ता. क. २. शनिवारच्या आत पाठवा. कुणी बसलेलं असेल तर दाढी तेवढी पूर्ण होऊ द्या.