चेहरे खोडायचं काम

४ मे
आले एकदाची! दोन महिने मेंदूच्या प्रयोगशाळेत, तेही तिथल्या प्रमुख मॅडमनी स्वतः निवडून. पहिल्याच दिवशी दारात अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं: घड्याळ, केसांतले चाप, शेवटी चपलाही, कारण त्यांना बक्कल. आतल्या खोलीत तपासणीचं ते मोठं यंत्र आहे. माणूस आत सरकवला की कोणीतरी रागारागाने भांडी आपटतंय असा आवाज करतं. मॅडम म्हणाल्या की त्यातलं चुंबक कधीच बंद नसतं, तेव्हा इथे गंमत करायची नाही. गंमत न करता मी दोन महिने कशी काढणार, देव जाणे.

मला काम शिकवणारा संशोधक सगळ्यांचा ‘दादा’ आहे. सरळमार्गी आणि मदतीला सदा तयार. फरशी पुसणाऱ्या मावशींनी पहिल्या तासाभरात माझी सगळी कुंडली काढून घेतली. लहानपणी जिन्यावरून पडून वाकडं झालेलं नाक त्या स्वतःच दाखवतात, म्हणजे आपल्याला चोरून बघावं लागत नाही.

७ मे
काम समजलं. यंत्रातून नुसता मेंदू येत नाही, अख्खं डोकं येतं. त्यावरून संगणकावर चेहरा उभा करता येतो. राखाडी, डोळे मिटलेला, पण ओळखीच्यांना चटकन ओळखू येईल असा. फाइलींवर नावं नसतात, नुसते आकडे. पण चेहरा राहिला तर नाव लपवून काय उपयोग? म्हणून फाइल बाहेरच्या संशोधकांना पाठवण्याआधी चेहरा काढायचा. प्रोग्रॅम ढोबळ कापतो, उरलेलं नाक-हनुवटी मी माउसने खोडते.

प्रत्येकाला मी आधी मनात सॉरी म्हणते. दादा म्हणाला की पहिल्या आठवड्यात तोही म्हणायचा.

आज अकरा झाले. त्यातलं एक नाक वाकडं होतं. मावशींनीही तपासणी करून घेतली होती तर! त्यांना जरा हलक्या हाताने पुसलं.

१२ मे
पन्नाशी उलटलेली धडधाकट माणसं कमी पडत होती, म्हणून बाबांना बोलावलं. बसने दोन तास प्रवास करून आले. आईने ठेवणीतला आकाशी सदरा घालून पाठवलं होतं, जणू मेंदूचा फोटो सदऱ्यासकट निघणार आहे. यंत्रात चक्क घोरले! डोकं हललं, दादाला सगळं पुन्हा करावं लागलं. बाहेर येऊन मला विचारतात, ठमे, सापडला का मेंदू? तुझ्या आईची पैज आहे.

दुपारी स्क्रीनवर बाबा उभे राहिले. रुंद कपाळ, उजव्या भुवईत खाच, खालचा ओठ जरा पुढे. नाक तर माझंच. मी हुबेहूब बापावर गेलेय असं सगळे म्हणतात ते उगीच नाही. त्यांच्यावर खोडरबर फिरवायला काही हात धजेना. फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आणि त्याला नाव दिलं ‘नंतर’.

१८ मे
सकाळी फाटकावर गोंधळ. दहा दिवसांच्या रजेनंतर आलेल्या मावशींना रखवालदार आत सोडेना. आठ वर्षं रोज त्यांच्याशी हुज्जत घालणारा माणूस! त्यांनी ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला की या फोटोत कोण आहे तेच कळत नाही. मी सांगायला धावले, की अहो, या आपल्या मावशी.

आवाज त्यांचा, पिशवी त्यांची. चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे, नाक, तोंड, सगळं जागच्या जागी होतं. पण नजर वळली की काहीच लक्षात राहत नव्हतं. वाकडं नाकसुद्धा नाही.

त्या रडायला लागल्या. म्हणाल्या की दहा दिवस झाले, नातू जवळ येत नाही.

मला भीती वाटतेय. सरळ लिहून ठेवते.

१९ मे
स्वागतकक्षातल्या बाई सांगत होत्या की तपासणी झालेले आणखी दोघं येऊन गेले. घरचे ओळखत नाहीत म्हणत होते. मॅडमनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि दोन दिवस सुट्टी घे म्हणाल्या.

घरी फोन केला, बाबांनी उचलला. मागे आई ओरडत होती की पेपर सोडा आणि आंघोळीला जा. म्हणजे ठीक आहे. बाबांची फाइल ‘नंतर’मध्ये आहे. तिथेच राहू दे. कायमची.

२० मे
‘नंतर’ रिकामं.

दादाला विचारलं. खुशीत होता. तुझी तब्येत बरी नाही कळलं, म्हणून राहिलेलं एक काम मीच उरकलं, म्हणाला. मूळ फाइल मागितली. बाहेर पाठवल्यावर मूळ पुसून टाकतात, नियमच आहे. त्याने नियम पाळला. एवढ्या मायेने पाळला —

आईचा फोन. कुजबुजत होती. घरात कोणी परका शिरलाय. यांचा आकाशी सदरा घालून यांच्या खुर्चीत बसलाय, आणि हे कुठे दिसत नाहीत —

मागून बाबांचा आवाज. ठमे, हिला सांग ना गं.

बसमध्ये
बारा तारखेचं पान वाचतेय. रुंद कपाळ. भुवईत खाच. शब्द कळतात. त्यांचा माणूस होत नाही.
फोनमधले फोटो पाहिले. माझ्या शेजारी कोणीतरी —

घरी
आईने स्वयंपाकघराची कडी आतून लावलीय. ते बाहेर बसलेत. हात बाबांचेच, अंगठ्याचं नख फुटकं. मी हात धरला. ते म्हणाले, तू तरी ओळख. मी हो म्हणाले. पण वर बघितलं नाही. त्यांना कळलं ते.

आईला दाराबाहेरून बारा तारीख वाचून दाखवली. म्हटलं, माझ्याकडे बघ. मी बाबांवरच गेलेय ना? माझ्या तोंडावरून ओळख त्यांना.

तिने कडी काढली. फटीतून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ.
मग कडी पुन्हा लावली.
आतून विचारतेय, माझी मुलगी कुठाय, तिला काय केलंत —

आरशासमोर बसून लिहितेय. निदान माझा तरी चेहरा लिहून ठेवते, आत्ताच, तो जाण्याआधी. कपाळ रुंद. भुवया — दोन. नाक —
नाक असं, की