डाव्या हाताची पकड

१४ जानेवारी, मंगळवार

फसवलं. सरळसरळ फसवलं!

क्लबच्या पॅरी डॉक्टरबाईंनी पकड मोजायचं यंत्र माझ्या डाव्या हातात दिलं, तेवढ्यात फोन वाजला, त्यांनी पाठ फिरवली. मी दोन्ही हातांनी दाबलं. काटा झकास वर! "छान, एम्लिन. मानेचं दुखणं गेलं म्हणायचं." मीही हसलो.

ऑक्टोबरात मान दुखावली तेव्हापासून डावा अंगठा आणि पहिली दोन बोटं माझी नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी आणून जोडल्यासारखी वाटतात.

चौतिसावं चालू आहे. पंधरा वर्षं पोटापाण्याला रग्बीच केली — डोकं खाली घालून ढकलायचं. घरी बसून काय करू? मेंढ्या भावाकडे. तो मला कुंपणालाही हात लावू देत नाही.

१५ जानेवारी

चहाचा मग हातातून सुटला. या महिन्यातला तिसरा. सियोनेडनं तुकडे गोळा केले. "आता तुला पत्र्याचाच आणते," एवढंच म्हणाली. बायकोनं विचारलं असतं तर बरं. न विचारणं जास्त टोचतं.

१८ जानेवारी, शनिवार

जिंकलो! चिखलात, तीन गुणांनी.

पण हेफिन. स्क्रममध्ये, समोरच्या संघाशी डोकी भिडवून ढकलताना, आम्ही पुढचे तिघं एकमेकांना धरून वाकतो. हेफिन मधोमध, त्याचे दोन्ही हात आमच्या खांद्यांवर, म्हणजे तो जवळजवळ लटकलेलाच. आम्ही धरलं म्हणून तो सरळ. सुटलं तर आधी त्याची मान जमिनीवर. आणि त्याला धरणारा हात माझा डावा.

आंघोळीला जाताना तो हळूच म्हणाला, "तुझा हात माझ्या पाठीवर नुसता ठेवलेला असतो. धरत नाहीस."

"घाम होता रे."

"बारा वर्षं तुझ्या घामात काढलीत मी, बैला. घाम मला सांगू नकोस."

२१ जानेवारी

पाऊस. सुट्टी. तीनदा गाडी काढून मैदानापर्यंत गेलो, तीनदा तसाच परत. कशासाठी, देव जाणे.

२३ जानेवारी, गुरुवार

कोचनं बोलावलं. "पुढचा मोसमही खेळ, एम्लिन. डॉक्टरबाईंचा कागद चांगला आहे." आणखी एक वर्ष! उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. जिने उतरताना कठडा उजव्या हातानं धरला.

गावात वेगळीच धामधूम. शनिवारी, एक फेब्रुवारीला, हेफिनचा दोनशेवा सामना — इथेच, घरच्या मैदानावर. खाटकानं दुकानाच्या काचेत सॉसेजच्या माळांमध्ये त्याचा फोटो टांगलाय. त्याची आई चॅपलमधली प्रार्थना आणि मयत सोडून कुठे जात नाही. तिनं तिकीट काढलंय!

२८ जानेवारी, मंगळवार

आज सरावात सुटला हात.

धरलंय असं मला वाटत होतं. बोटं उघडी होती. स्क्रम खचला आणि हेफिन डोक्यावर गेला, वर पाच-सहा जण. सगळे उठले. तो उठला नाही. मी मोजत होतो — चार, पाच, सहा... मग तो उपडा झाला, तोंडातला चिखल थुंकला. "पाय हलतायत माझे. बघताय काय?" सगळे हसले. मला हसू येईना.

गाड्यांपाशी त्यानं गाठलंच.

"डॉक्टरबाईंना सांग. आजच."

"शनिवार होऊ दे. तुझा दोनशेवा आहे. मी शेजारी नको? मग सांगतो, शपथ."

"माझ्या नावावर खपवू नकोस, एम्लिन. तुला खेळायचंय."

"तू सांगणार आहेस का?"

त्यानं गाडीचं दार उघडलं. "चुगल्या करायचं मला शिकवलं नाही कुणी." गाडीत बसला, गेला.

खरं आहे. मला खेळायचंय.

३० जानेवारी

फळ्यावर यादी लागली. दोन नंबर हेफिन, तीन नंबर मी. मी कमरेला पट्टी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. जेवण जाईना. सियोनेड म्हणाली, "बस की जरा एका जागी!"

३१ जानेवारी, शुक्रवार. दुपार

हेफिननं नाव काढून घेतलं! कोचला म्हणाला, गुडघा धरलाय.

त्याच्या घरी फोन लावला, आईनं उचलला. "गुडघा? अरे, तो शिडीवर चढून पन्हळ साफ करतोय." मग जरा थांबून, "तुझा फोन आला तर सांग म्हणाला — चुगली करणार नाही, पण उद्या एम्लिनशेजारी वाकणारही नाही. म्हणजे काय रे, बाळा?"

फोन ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

३१ जानेवारी, पावणेचार

सांगितलं. ऑक्टोबरपासूनचं सगळं, यंत्राचंसुद्धा. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा कधीच नाही, एम्लिन."

त्यांच्याच फोनवरून कोचला कळवलं — हेफिनचा गुडघा ठणठणीत आहे, त्याचं नाव परत घाल. तीन नंबरला दुसरा कुणीतरी बघ.