योक आणि होडी यांची व्यवस्था

मी, प्रगती मानसिंग मल्लाव, वय तेवीस, धंदा घरची मासेमारी व सध्या विमान चालवण्याचे शिक्षण, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. उलट घरातले सगळे हे लिहू नकोस म्हणून मागे लागले आहेत.

अशा कागदात शरीर व मन धडधाकट असल्याचे लिहायचे असते. शरीराचे मी बेधडक लिहू शकते, कारण वैमानिकाची वैद्यकीय तपासणी नुकतीच झाली आहे. मनाचे लिहिताना पेन अडते. शुक्रवारपासून मला घास गिळवत नाही, आणि कोणी साधे "डावीकडे सरक" म्हटले तरी अंगावर काटा येतो. तेव्हा आहे तसेच लिहिते: मला मोठा धक्का बसलेला आहे, परंतु मी काय लिहिते आहे हे मला पूर्ण समजते. आमचे शेजारी दत्तोबा यांचा जन्म इंदापूरच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात गेला. एवढे लिहिले तर चालेल का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "चालतंय की. पण पोरी, ह्या वयात लोक माज्याकडनं लग्नपत्रिका लिवून घेत्यात."

कलम १. माझ्या मागे माझे वडील मानसिंग, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, माझी आई आणि धाकटा भाऊ ऋषिराज आहेत. मी अविवाहित आहे. माझी मिळकत थोडी आहे: माझ्या नावावर असलेली मशीनची होडी, एक लॅपटॉप, एक योक आणि कानातले सोन्याचे जोड. होडी माझे आजोबा आप्पा यांनी जिवंतपणीच माझ्या नावावर केली. ऋषिराजला तेव्हा पाण्याची भीती होती आणि मी होडीतून उतरायला तयार नसायची. कानातले आईने दिलेले आहेत, ते आईला परत जावेत. त्यांतला एक फासा सैल आहे, घालण्यापूर्वी तो सोनाराकडून घट्ट करून घ्यावा.

कलम २. योकविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हे मृत्युपत्र त्याच्यामुळे लिहिले जात आहे.

योक म्हणजे विमान चालवण्याची मूठ. अर्ध्या स्टेरिंगसारखी दिसते, फिरवली की विमान कलते आणि वळते, पुढे-मागे केली की खाली-वर जाते. घरी लॅपटॉपवर विमान उडवण्याचा सराव करता यावा म्हणून तशीच एक मूठ मिळते. ती इंदापूरच्या वाजिदभाईंनी त्यांच्या दुकानामार्फत मागवून दिली. तिचे शिकंजे टेबलाच्या कडेला आवळायचे असतात, पण आमच्या टेबलाची फळी जाड निघाली. तात्यांनी जुन्या होडीची एक फळी रंधून पातळ केली, ती खाटेच्या दोन पायांना बांधली आणि योक असा पक्का बसवला की खाट हलेल पण योक हलणार नाही. पडदा म्हणून टीव्ही जोडला. मग लॅपटॉपवर मूठ चारी बाजूंना शेवटपर्यंत नेऊन तिची ओळख करून द्यायची होती. ते मी एकेक ओळ वाचून केले. पहिल्यांदा विमान उडवायचा मान तात्यांचा.

तात्यांनी मूठ डावीकडे फिरवली. विमान डावीकडे कलले, म्हणजे पडद्यावर क्षितिज उजवीकडे उतरले. घरात बसून बघताना विमान हलताना दिसत नाही, बाहेरचे हलताना दिसते. त्या दिवशी पडद्यावर खाली पाणीच होते. तात्यांनी हात काढून घेतला.

"हे उलटं हाय, पगे," ते म्हणाले. "मी डावीकडं फिरवलं आन् पानी उजवीकडं कलंडलं."

मीही मूठ फिरवून पाहिली. मलाही उलटेच वाटले. आमच्या होडीच्या मशीनची दांडी डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे वळते. मी शाळेत जाण्यापूर्वीपासून ती दांडी धरते आहे. आम्ही तेव्हा पाण्याकाठी पालात राहत होतो, शाळा लांब होती, आणि मला पहिली अक्षरे, पाढे, जाळ्याची गाठ आणि दांडी हे सगळे तात्यांनी त्या होडीत बसून शिकवले. त्यांनी शिकवलेले पुढे शाळेत कधी चुकीचे निघाले नाही. त्यामुळे ते उलटे म्हणाले तेव्हा पडताळून पाहावे असे माझ्या मनातही आले नाही. सेटिंगमध्ये दिशा उलट करण्याचा एक चौकोन होता, त्यात मी खूण केली. मूठ डावीकडे, विमान उजवीकडे. अगदी होडीसारखे. आम्हा दोघांनाही बरे वाटले.

असा मी सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा रोज सराव केला. लेखी परीक्षेची पुस्तके वाचली, त्यांत हवा, ढग, वजन, इंधन सगळे होते. डावीकडे जायचे तर मूठ डावीकडे फिरवा, एवढे कुठेच ठळक लिहिलेले आढळले नाही. ते लिहावे लागते असे कोणाला वाटले नसेल.

कलम ३. शुक्रवारी बारामतीच्या धावपट्टीवरून मी पहिल्यांदा खऱ्या विमानात बसले. शिकवणारे कॅप्टन अविराज शेजारी होते. त्यांनी विमान वर नेले, उसाची शेते, पलीकडे कालवा असे सगळे दाखवले आणि मूठ माझ्या हातात दिली. म्हणाले, सावकाश डावीकडे घ्या.

मी घेतले. विमान उजवीकडे वळले.

त्यांना वाटले, मी गोंधळले. त्यांनी पुन्हा सांगितले, डावीकडे. विमान अजून डावीकडे येत नाही म्हणून मी मूठ आणखी फिरवली, आणि आम्ही आणखी उजवीकडे गेलो. उजव्या बाजूने दुसरे शिकाऊ विमान येत होते. त्याच्या खिडकीतल्या मुलाचा पांढरा शर्ट मला दिसला. एवढ्या जवळून विमान मी फक्त जमिनीवर उभे असलेले पाहिले होते. कॅप्टन "सोडा" म्हणाले. मी सोडले. त्यांनी विमान खाली आणले.

खाली उतरल्यावर ते बराच वेळ पंखाला टेकून उभे होते. मग मला त्यांनी खुर्चीवर बसवले, हातात जेवणाची थाळी दिली आणि डावीकडे वळून दाखवा म्हणाले. मी दाखवले. कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, वडिलांनी. ते वैमानिक आहेत का? मी म्हटले, मच्छीमार आहेत, आणि चौकोनाची सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत.

"तुम्ही घाबरला असतात तर मला काही वाटलं नसतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. तुमचा हात ठाम होता. इतक्या खात्रीनं चुकीकडे वळणारं माणूस मी पाहिलं नव्हतं."

सोमवारी यायचे की नाही हे त्यांनी माझ्यावर सोपवले. आलात तर शिकवीन, म्हणाले. पण जीव घाबरला की हात नवे शिकलेले सोडून जुने करायला जातो, तेवढे लक्षात ठेवा. एस.टी.त बसल्यावर मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहत राहिले. ते माझेच होते आणि मला त्यांचा भरवसा वाटेना. तेव्हाच हा कागद लिहायचे ठरवले, कारण मी सोमवारी जाणार आहे.

कलम ४. विमानात माझे काही बरेवाईट झाल्यास कॅप्टन अविराज यांना कोणीही दोष देऊ नये. त्यांनी सांगितले ते बरोबर होते, मी केले ते चूक होते. आईने त्यांच्या दारात जाऊन बोलू नये. ती जाईल हे मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवते.

कलम ५. योक ऋषिराजला द्यावा. मात्र त्याने किंवा कोणीही हात लावण्यापूर्वी त्या चौकोनातली खूण काढलेली आहे ना, हे पाहावे. मी ती शुक्रवारी घरात पाय ठेवताच काढली आहे. तरी पुन्हा पाहावे. लॅपटॉप मी वाजिदभाईंना द्यायचे बोलले होते, कारण तो त्यांनी तीनदा मोफत दुरुस्त केला. परंतु दत्तोबा म्हणतात, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्राने काही देता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. हे कळल्यावर वाजिदभाई म्हणाले, "मग मला साक्षीदार कशाला करतीस? लॅपटॉप दे की, सही दुसरा कुणीबी करंल." त्यांच्या बायकोने, समिनाभाभींनी, त्यांना गप्प केले. लॅपटॉपही ऋषिराजलाच द्यावा.

कलम ६. माझे चुलते युवराजकाका निरवांगीला ऊस करतात. त्यांनी माझ्या आतेबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, "पायलटीणबाई, जाता-जाता आमच्या उसावर फवारा मारून जावा," असे म्हटले होते. मांडवातले लोक जेवायचे थांबून हसले. काकांना मी काही ठेवत नाही. त्यांच्याविषयी मनात राग ठेवून जायचे नाही म्हणून इथे लिहून तो संपवते. तो पुरता संपला आहे असे मात्र म्हणता येत नाही.

कलम ७. होडी मशीनसह माझ्या पश्चात तात्यांच्या नावे व्हावी.

वरचे कलम लिहून झाल्यावर मी आज सकाळी सर्व कागद पुन्हा वाचला आणि कलम २ पाशी थांबले. तोपर्यंत घरात मी एवढेच सांगितले होते की माझ्याकडून वळताना चूक झाली. ती चूक त्या चौकोनामुळे झाली, हे तात्यांना माहीत नव्हते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. म्हणजे ही गोष्ट त्यांना मी नसताना कळली असती, दत्तोबांनी मोठ्याने वाचून दाखवली असती, आणि तेव्हा त्यांना मला काही विचारता आले नसते. आपल्या हातून असे काही लिहिले गेले हे पाहून मला शुक्रवारपेक्षा जास्त भीती वाटली. मी पेन ठेवले आणि ओसरीवर गेले.

तात्या जाळे विणत होते. मी उभ्या-उभ्याच सर्व सांगितले. विणणारा हात थांबला. ते उठले, आत आले आणि खाटेवर योकपुढे बसले. "लाव," म्हणाले. मी टीव्ही लावला. खूण काढलेली होती. ते डावीकडे जायला बघत, हात होडीच्या सवयीने मूठ उजवीकडे फिरवी आणि विमान उजवीकडे जाई. त्यांनी पुनःपुन्हा करून पाहिले. शेवटी विमान पाण्यात गेले. ते पडद्यावरचे पाणी बघत बसले. त्यांचा चेहरा असा झालेला मी आप्पा वारले तेव्हाही पाहिला नव्हता.

"त्यो शेजारच्या इमानातला पोरगा," ते म्हणाले, "त्याला बी आईबाप असतील."

मी म्हटले, असतीलच.

"आन् ते तुजं सर काय म्हनलं, घाबरल्यावर हात काय करतोय?"

जुने करतो, असे मी सांगितले.

"जुनं म्हंजी ही खूण न्हाय, पगे. खूण आत्ताची हाय. जुनं म्हंजी होडी."

हे माझ्या लक्षात आले नव्हते. खूण काढली म्हणजे चूक निस्तरली असे मी धरून चालले होते. रोज पहाटे मी जाळी काढायला होडी नेते, दांडी धरते आणि दुपारी योकपुढे बसते. एकच हात सकाळी एक शिकतो आणि दुपारी त्याच्या उलटे.

मी त्यांना कलम ७ वाचून दाखवले. होडी तुमच्याच नावे ठेवली आहे, असे सांगितले.

"मेल्यावर दिऊन मी काय करू?" तात्या म्हणाले. "द्यायची तर आज दे. उद्यापासनं तू दांडीला हात लावायचा न्हाय. कुणी बुडत आसलं तरी मला हाक मारायची."

मी रडले, हे इथे लिहिणे आवश्यक नाही, पण खोटेपणा नको म्हणून लिहिते. सोमवारी जाऊ नकोस, असे ते म्हणतील या तयारीने मी बाहेर गेले होते.

कलम ७ (बदललेले). वरील कलम ७ रद्द समजावे. होडी मशीनसह आजच, माझ्या हयातीत, तात्यांची झाली. मृत्युपत्रातून हयातीत काही देता येत नाही, असे दत्तोबा सांगतात. नावावर करण्याचा वेगळा कागद ते उद्या करून देणार आहेत. तरीही हे वाक्य इथून काढणार नाही. आज दुपारी मी होडी शेवटची काठाला आणली, दोर बांधला आणि मशीनची किल्ली तात्यांच्या हातात दिली. उद्या सकाळी जाळी काढायला ऋषिराज त्यांच्याबरोबर जाईल. तो दांडी उलटी फिरवणार, आणि तात्या त्याला ओरडणार. मी तेव्हा बारामतीच्या एस.टी.त असेन.

याखेरीज माझे काही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. पुढे केला तर हा रद्द समजावा, आणि तशी वेळ खूप उशिरा यावी.

लिहून देणार : प्रगती मानसिंग मल्लाव (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत प्रगती हिने सही केली व तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या. सही करताना तिचा हात थरथरत नव्हता.

साक्षीदार :
१. वाजिद महंमद शेख, धंदा संगणक दुरुस्ती, राहणार इंदापूर (सही)
२. दत्तोबा विठू काळे, निवृत्त अर्जलेखक, राहणार पळसदेव (सही)

ठिकाण : पळसदेव
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार