टबात न मावलेली भेट

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काका कानात यंत्र घालतात का, की अजून सोयीचं तेवढंच ऐकतात? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत होतो.

गेल्या वर्षी आमचं नवं घर बघायला आलीस, तेव्हा डब्यातून जलपर्णीचं एक रोप आणलंस. ‘टबात टाक, काही करावं लागत नाही,’ म्हणालीस. खरंच काही करावं लागलं नाही. महिन्यात टब भरला, मग बादल्या, मग हिचं कपडे भिजवायचं घमेलं. टाकवेना, कारण एक तर तुझी भेट, आणि फुलं अशी जांभळी की आमच्याशी न बोलणारी शेजारीणसुद्धा कुंपणाशी येऊन बघत उभी राहायची. शेवटी जास्तीची रोपं मी मोठ्या मनाने घरामागच्या ओढ्यात सोडू लागलो. दर रविवारी दोन बादल्या. (एकदा हातही हलवला, खोटं कशाला बोलू.)

आता तो ओढा कुठे जातो, हे अख्ख्या गावात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर मला. तो आमच्याच तलावात येतो, आणि त्या तलावावरच्या पंपघराचा मी मुख्य चालक. सोमवारी दोन नंबरचा पंप कण्हायला लागला म्हणून तो पाणी ओढतो त्या जाळीपाशी गेलो, तर अर्धा तलाव हिरवागार आणि वर तीच फुलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावाचं तर पळालंच होतं. तेव्हापासून माझी माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती उपसताहेत. साहेब म्हणाले, “हा उद्योग कुणाचा, शोधून काढा.” आणि चौकशी सोपवली माझ्यावर, कारण वीस वर्षांत माझ्यावर एक डाग नाही! मावशी, मी फार घाबरलोय. पण माझ्या करणीपायी त्या माणसांनी कुडकुडावं, हे बघवत नाही. अहवालात माझंच नाव लिहिलंय. उद्या देणार. तुझं नाव कुठेही घातलेलं नाही.

तुझा भाचा

ता. क. नोकरी गेली तर तुमची मागची खोली महिनाभर मिळेल का? (पत्र खरं तर यासाठीच.)

आणखी एक ता. क. हिला अहवाल वाचून दाखवला, तर म्हणते, साहेबांच्या बाईंनी सहा महिन्यांपूर्वीच आपल्याकडून एक रोप नेलंय, आणि हल्ली साहेब दर रविवारी बादली घेऊन ओढ्याकडे जाताना दिसतात. खोलीत साहेबही मावतील ना?