कलमाची गाठ

बुधवार, संध्याकाळ. डहाणू.

आज अण्णा त्या झाडाविषयी बोलले. अजून खरं वाटत नाहीये.

तरुणपणी स्वतः कलम केलेला चिकू वादळात पडला, तेव्हापासून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, बागेत पाऊल टाकलेलं नाही. झाडाचा साधा फोटोही नाही. म्हणून मी, शाळा सुटल्यापासून रेघ न मारलेली बाई, लेकीने टॅबवर लावून दिलेल्या चित्रांच्या साइटवर ते झाड काढायला बसले. आपण कसंही गिरवावं, तिथलं एआय ओळखून नेटकं करून देतं. पानं काय सुरेख आली! फक्त बुंध्यावर कलमाची गाठ काढली, की ते चूक समजून सपाट करायचं. पुन्हा पुन्हा. शेवटी म्हटलं, राहू दे, दिसतंय तर छान.

अण्णांनी चष्मा लावला. "हे झाड आहे की विजेचा खांब? गाठ कुठंय?"

"ते यंत्र पुसतं, अण्णा."

"मग त्याला सांग ना! खाली रायणीचं रोप, वर चिकूची फांदी. दोघांना बांधलं ते तिथंच."

यंत्राची मदत बंद करायचं बटण शोधलं आणि बोटाने गिरवलं. अण्णा शेजारी बसून, "अजून जाड. घाबरतेस काय?" गाठ अगदी बटाट्यासारखी झाली. त्यावर त्यांनी किती वेळ बोट ठेवलं होतं.

यंत्रावर कशाला रागावू? पानं त्यानेच काढून दिली. आणि ते चुकलं नसतं, तर अण्णा बोलले असते?

जेवताना म्हणाले, "रायणीची रोपं कुठं मिळतात बघ. सकाळी बागेत जाऊ."